बंद करण्याचा अधिकार

२०२० च्या फेब्रुवारीत विंडोज ७ वापरणाऱ्या अनेकांनी काम आटोपून संगणक बंद करायला घेतला, तेव्हा पडद्यावर सूचना आली की हा संगणक बंद करण्याची तुम्हाला परवानगी नाही. यंत्र त्यांचं, विजेचं बिल भरणारेही तेच. त्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थोड्याच दिवसांपूर्वी, १४ जानेवारीला थांबवली होती. लोकांनी एकमेकांना विचारून सेटिंग बदलून पाहिल्या आणि ज्यांना काहीच जमलं नाही त्यांनी बटण दाबून धरलं. बातमी लवकर मागे पडली. ती पडायला नको होती. संगणक शटडाऊनवर अडकतो, बंद करावा तर पुन्हा सुरू होतो, रीस्टार्ट म्हटलं की नुसतं गोल फिरत राहतं. या तक्रारी आपण किरकोळ बिघाडात जमा करतो आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. पण त्यांच्या मागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. यंत्र थांबवण्याचा अधिकार त्यात माणसाच्या हातातून हळूहळू यंत्राच्या आतल्या आज्ञावलीकडे गेलेला दिसतो. तो का गेला हे कळल्याशिवाय त्यातला किती परत मागायचा हे ठरवता येणार नाही.

सुरुवातीच्या यंत्रांच्या बाबतीत बंद करणं हेच धोक्याचं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेल्या आणि १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह निकामी होत ते बहुतेक तापताना किंवा निवताना, म्हणजे यंत्र सुरू किंवा बंद करताना. अभियंत्यांनी काढलेला तोडगा साधा होता: ते शक्यतो बंदच करायचं नाही. सुमारे १५० किलोवॅट वीज खाणारं ते धूड मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या लष्करी तळावर हलवलं गेलं, २९ जुलै १९४७ ला तिथे सुरू झालं आणि २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री पावणेबाराला त्याची वीज कायमची तोडली गेली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली उभं राहिलेलं टिफ्रॅक हेही व्हॉल्व्हच्याच पिढीतलं. अशा यंत्रांभोवती जाणकार माणसं असत आणि कधी थांबायचं हे ती ठरवत.

घराघरांत यंत्र आलं तेव्हा हा निर्णय एका खटक्यावर आला. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर केलेल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूला मोठा लाल खटका होता. तो खाली केला की वीज तुटे, आणि त्यावर यंत्राला काही म्हणायला जागाच नसे. डॉस या तेव्हाच्या प्रणालीवर काम संपवायची रीत एवढीच: फाइल जतन करायची, सी प्रॉम्प्टवर यायचं, खटका पाडायचा. हार्ड डिस्क असेल तर काळजी घेणारे आधी पार्कची आज्ञा देत, म्हणजे तबकडीवर फिरणारं टोक सुरक्षित जागी जाऊन बसे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणंही याच यंत्राबरोबर आली. फ्लोरिडात बोका रॅटन इथे काम करणाऱ्या आयबीएमच्या चमूतले डेव्हिड ब्रॅडली यांनी ती सोय सहकाऱ्यांसाठी केली होती. प्रोग्रॅम लिहिताना यंत्र सारखं अडके आणि दर वेळी वीज तोडून पुन्हा सुरू करण्यात वेळ जाई. एका हाताने चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून बटणं लांबलांबची निवडली. ग्राहकांनी ती वापरावीत असं मुळात कोणाच्या मनात नव्हतं.

मोठ्या यंत्रांच्या जगात तोवर वेगळी अडचण उभी राहिलेली होती. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडवलेल्या युनिक्समध्ये डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवला जाई आणि मागाहून डिस्कवर उतरे. डिस्क संथ, मेमरी चपळ; वेग हवा तर दुसरा मार्ग नव्हता. पण त्यामुळे वीज अचानक गेली की जे लिहून झालं असं वाटत होतं ते प्रत्यक्षात कुठेच नसे. म्हणून दर तीस सेकंदांनी साठलेला मजकूर डिस्कवर उतरवणारा छोटा प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चाले, आणि यंत्र बंद करण्याआधी सिंक ही आज्ञा तीनदा टाइप करायची शिस्त जुन्या ऑपरेटरांनी पाळली. पहिली आज्ञा लिखाण सुरू करून लगेच परत येई. पुढच्या दोन टाइप करण्यात जो वेळ जाई, त्यात डिस्कचं काम उरके. खटका आणि मजकूर यांच्यात इथे अंतर पडलं. ते भरून काढायला कोणीतरी आधी सगळ्यांना विचारायला हवं होतं, आणि ते काम प्रणालीकडे गेलं.

पर्सनल कॉम्प्युटरवर हीच गोष्ट १९९३ साली एमएस-डॉस ६.० च्या निमित्ताने अनेकांच्या अंगावर आली. त्यातला स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्रॅम लिखाण लांबणीवर टाकत असे, आणि वापरणारे मात्र जुन्या सवयीने प्रॉम्प्ट दिसला की खटका पाडत. फाइली बिघडल्या. त्याच वर्षी आलेल्या ६.२ मध्ये मायक्रोसॉफ्टला सुधारणा करावी लागली: साठलेलं सगळं डिस्कवर उतरेपर्यंत प्रॉम्प्ट परत द्यायचा नाही. आज पडद्यावर दिसणाऱ्या ‘शटिंग डाऊन’च्या गोल चक्राचा खरा हेतू हाच आहे, आणि तो योग्य आहे. थांबा म्हणणाऱ्या यंत्राचं म्हणणं सरसकट खोटं नसतं.

रीस्टार्टची वाट याहून वाकडी निघाली. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये इंटेलचा ८०२८६ हा प्रोसेसर होता. तो संरक्षित अवस्थेत गेला की साध्या अवस्थेत परतण्याचा मार्ग त्याच्यात ठेवलेलाच नव्हता. परतायचं तर त्याला रीसेट करणं भाग होतं. आयबीएमच्या अभियंत्यांनी रीसेटची तार कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमधून नेली, कारण तिथे एक जोडणी मोकळी होती. पुढच्या वर्षी आलेल्या ८०३८६ मध्ये ती उणीव भरून निघाली, पण वाट तशीच राहिली. लिनक्सच्या गाभ्यात पीसी रीस्टार्ट करण्याचा जो भाग आहे, तो आजही एकामागून एक मार्ग आजमावतो, आणि त्यांत कीबोर्डच्या चिपला साकडं घालणं हा एक मार्ग आहे. त्याच भागात डेल, ॲपल, एसर, सोनी अशा कंपन्यांच्या ठरावीक मॉडेलांची यादी आहे: या यंत्राला या वाटेने रीस्टार्ट करा, त्याला त्या वाटेने. एकेका ओळीमागे कोणाचा तरी रीस्टार्टला दाद न देणारा लॅपटॉप आहे आणि कोणीतरी ते चिकाटीने शोधून काढलेलं आहे. संगणकाच्या इतिहासातलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्याचं कौतुक क्वचितच होतं. रीबूटची आज्ञा भलत्या वेळी सुटू नये म्हणून लिनक्सच्या गाभ्याला दोन ठरावीक संख्याही द्याव्या लागतात. दुसरी षोडशमान पद्धतीत लिहिली की २८१२१९६९ अशी दिसते. ती लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांची जन्मतारीख आहे.

अधिकार खऱ्या अर्थाने हस्तांतरित झाला तो १९९५ साली. इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत पुढचं बटण विजेच्या मुख्य तारेवर राहिलं नाही. ते मदरबोर्डला फक्त संकेत देऊ लागलं. वीज तोडायची की नाही हे मदरबोर्ड ठरवू लागला, आणि यंत्र बंद असतानाही त्याच्या एका भागाला पाच व्होल्टचा पुरवठा चालू राहू लागला. त्याच वर्षीच्या विंडोज ९५ मध्ये दोन्ही जगं शेजारीशेजारी दिसतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रावर आता संगणक बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची नारिंगी अक्षरं काळ्या पडद्यावर उमटत आणि शेवटचा खटका माणसाने पाडायचा असे. नव्या यंत्रावर ती अक्षरं येण्याआधीच वीज गेलेली असे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केलं आणि वीज सांभाळण्याचं काम अधिकृतपणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिलं. पण ते लिहिणाऱ्यांनी एक शहाणपण राखलं: बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर सॉफ्टवेअरला न विचारता यंत्र बंद झालं पाहिजे. जुन्या लाल खटक्यातला एवढाच अंश आज आपल्या बोटाखाली उरला आहे.

हस्तांतरण सुखाने झालं नाही. विंडोज ९८ मध्ये यंत्र लवकर बंद व्हावं म्हणून काही ड्रायव्हरांचा, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमांचा, निरोपाचा सोपस्कार गाळला गेला, आणि ज्या ड्रायव्हरांना तो हवा होता तिथे यंत्र अडकू लागलं. दुसऱ्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टला फक्त शटडाऊनच्या तक्रारींवर वेगळी दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. उलट बाजूचाही दोष निघाला: काही वेगवान यंत्रं इतक्या घाईने वीज तोडत, की हार्ड डिस्कच्या स्वतःच्या मेमरीतला मजकूर तबकडीवर उतरायचा राहून जाई. त्यासाठी आलेल्या दुरुस्तीने बंद होण्याआधी यंत्राला क्षणभर थांबायला लावलं.

२००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टात स्टार्ट मेनूतलं बंद करण्याच्या चिन्हाचं बटण दाबलं की यंत्र बंद न होता झोपत असे. त्या मेनूवर काम केलेल्या एका अभियंत्याने २००६ साली हिशेब मांडला होता, की त्या छोट्या भागाबद्दल मत असणारी माणसं ४३ होती आणि वर्षभरात त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी फारच थोड्या होत्या. इतक्या लोकांच्या सहमतीतून एक धूसर बटण बाहेर पडलं. विंडोज ७ मध्ये तिथे शट डाऊन असं सरळ लिहिलं गेलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते पुन्हा पडद्याच्या कडेला आतल्या मेनूत गेलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये सुरुवातीच्या पडद्यावर परत आलं. एवढ्या मूलभूत आज्ञेची जागा सात वर्षं ठरू नये, हे मला गंभीर वाटतं.

विंडोज ८ ने आणखी एक बदल केला आणि तो बहुतेकांच्या लक्षात आलेला नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन म्हटल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जतन होते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणून रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यालाही टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम दहा-बारा दिवसांचा दिसू शकतो. बिघडलेला ड्रायव्हर रोज बंद करूनही तसाच राहतो आणि रीस्टार्ट केल्यावर सुधारतो, कारण रीस्टार्टमध्ये गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. दुरुस्तीवाले बंद करून चालू करू नका, रीस्टार्टच मारा असं सांगतात, त्याचं कारण हे. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन निवडलं तरी यंत्र पुरतं बंद होतं. काही सेकंद लवकर सुरू होण्यासाठी बंद करण्याचा अर्थच बदलला, आणि तो बदल बंद करताना पडद्यावर सांगितला नाही, हे मला मान्य नाही. ‘अपडेट अँड शट डाऊन’ निवडलं तरी यंत्र काही वेळा अपडेट करून पुन्हा चालूच राही. या दोषावरची दुरुस्ती यायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला.

हा इतिहास डोळ्यासमोर ठेवला, तर अडलेल्या यंत्रापुढे बसल्यावर काय शोधायचं हे सोपं होतं. कोणीतरी होकार द्यायचा राहिला आहे. कोण, ते पाहायचं. पडद्यावर अजून डेस्कटॉप दिसत असेल तर बहुधा एखादा उघडा प्रोग्रॅम जतन करू का असं विचारत मागे दडलेला असतो. व्हिस्टापासून विंडोज अशा प्रोग्रॅमचं नाव सांगते आणि तरीही बंद करायचं का ते विचारते. ते नाव वाचायचं, कारण रोज तोच प्रोग्रॅम येत असेल तर दुखणं सापडलं. शटिंग डाऊनचं चक्र फिरत राहिलं तर संशय पार्श्वभूमीवरच्या सेवांवर आणि बाहेर जोडलेल्या वस्तूंवर: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, तुटलेल्या नेटवर्कवरचा फोल्डर. सगळं उपसून ठेवून पुन्हा बंद करून पाहणं हा सगळ्यांत जुना आणि अजूनही उत्तम उपाय. पडदा काळा झाला पण पंखा आणि दिवा चालूच असतील, तर प्रणालीने आपलं काम उरकलेलं आहे आणि वीज तोडण्याचा निरोप ड्रायव्हर किंवा बायोसपाशी अडला आहे. तिथे चिपसेटचा ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत करणं कामी येतं. बंद करताच पुन्हा सुरू होणारं यंत्र अनेकदा बंद होता होता कोसळलेलं असतं, आणि कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हावं ही सेटिंग मुळातच चालू असते. ती काढली की निळा पडदा थांबून राहतो आणि त्यावर कारण वाचता येतं. नेटवर्कवरून किंवा कीबोर्डवरून यंत्र जागं करण्याची सोयही असं करू शकते.

पुरावा यंत्रातच असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६००६ ही नोंद नीट बंद झाल्याची, ६००८ ही अचानक बंद पडल्याची, आणि १०७४ या नोंदीत बंद किंवा रीस्टार्ट कोणी मागितलं हे लिहिलेलं असतं. आजच्या एनव्हीएमई डिस्कला तर बंद होण्याआधी प्रणालीने निरोप द्यायचा असतो, आणि न सांगता वीज किती वेळा तोडली गेली याचा आकडा ती स्वतः जपून ठेवते. बटण दाबून धरणं हा आपला हक्क आहे, पण तो शेवटी वापरायचा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, अपडेट चालू असेल, तर आधी वाट पाहायची.

महाराष्ट्राला ही शिकवण विजेने दिली. या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण भागात भारनियमन दिवसाचे कित्येक तास असे. तालुक्याच्या गावच्या डीटीपीवाल्याला श्रीलिपीत जुळवलेला मजकूर दर थोड्या वेळाने जतन करायची सवय लागली ती यूपीएसच्या बॅटरीच्या भरवशावर राहता येत नव्हतं म्हणून. याच काळात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले. स्विच थेट बंद करायचा नाही, स्टार्टमधूनच बंद करायचं, हा त्यांच्या पहिल्या धड्यांपैकी एक. त्या पिढीने यंत्राच्या बाजूची शिस्त पुरेपूर पाळली. यंत्राने आपल्या बाजूची पाळली का, हे विचारण्याची वेळ आता आहे.

हे विचारणं केवळ सोयीपुरतं नाही. सौदी अरेबियात धाहरान इथे २५ फेब्रुवारी १९९१ ला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी लष्कराच्या बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले. तिथली पेट्रियट यंत्रणा शंभराहून जास्त तास सलग चालू होती. तिच्या घड्याळातली बारीक त्रुटी तासागणिक साठत गेली होती आणि तोवर सुमारे ०.३४ सेकंदांवर पोहोचली होती. तेवढ्यात येणारं क्षेपणास्त्र यंत्रणा पाहत होती त्या जागेच्या बाहेर गेलं. फार वेळ चालू ठेवू नका असा इशारा चार दिवस आधी गेला होता, पण फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. बंद करून पुन्हा सुरू करणं हे मिनिट-दीड मिनिटाचं काम होतं आणि त्याने घड्याळ शून्यावर आलं असतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं. पुढे २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ च्या मालकांना आदेश दिला, की विजेची यंत्रणा ठरावीक मुदतीत बंद करून पुन्हा सुरू करा. २४८ दिवस सलग चालली तर जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकत होते. रुग्णालयात, विमानात, वीजकेंद्रात नीट बंद होणं आणि पुन्हा उभं राहणं हा यंत्राच्या कामाचाच भाग आहे. आज्ञावली लिहिताना मात्र तो सगळ्यांत शेवटी लिहिला जातो आणि सगळ्यांत कमी तपासला जातो.

मागणं फार नाही. अडवणाऱ्याचं नाव पडद्यावर दिसावं, थांबण्याला मुदत असावी, आणि बंद म्हटलं तर बंद व्हावं. लिनक्सच्या जगात पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी मिळाल्या आहेत: सेवा सुरू-बंद करणारी सिस्टमडी अडलेल्या सेवेचं नाव आणि सरलेले सेकंद दाखवते, नेमून दिलेले नव्वद सेकंद झाले की तिला संपवते, आणि नव्वदही जास्त होतात म्हणून २०२३ च्या फेडोरा ३८ ने ती मुदत पंचेचाळीसवर आणली. तिसऱ्या गोष्टीबाबत ॲपलने २०२१ साली घेतलेली भूमिका पाहण्यासारखी आहे. आयओएस १५ पासून काही आयफोन बंद केल्यावरही आपला ठावठिकाणा देणारा संकेत पाठवत राहतात. चोरीला गेलेला फोन सापडावा म्हणून ही सोय आहे. पण बंद करण्याच्या पडद्यावरच ती चालू असल्याचं लिहिलेलं असतं आणि तिथूनच ती काढता येते. फास्ट स्टार्टअपबाबत शट डाऊनच्या मेनूत अशी एक ओळ घालणं मायक्रोसॉफ्टला अवघड नाही.

आपल्याकडे शाळा, ग्रामपंचायती, आपले सरकार सेवा केंद्रं यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून संगणक घेतले जातात. खरेदीच्या अटींत प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि हमीचा काळ असतो. त्यात हेही यावं: पुरवठादाराने नेहमीचे प्रोग्रॅम, प्रिंटर आणि बोटांचे ठसे घेणारं उपकरण जोडून यंत्र नीट बंद आणि रीस्टार्ट होतं हे दाखवून द्यावं, बायोसची दुरुस्ती हमीच्या पूर्ण काळात द्यावी, आणि केंद्र चालवणाऱ्याच्या हाती यंत्र सोपवताना ते ऐकेनासं झालं तर नोंद कुठे वाचायची आणि बटण किती सेकंद दाबून धरायचं, हे मराठीत छापलेल्या एका पानावर लिहून द्यावं.